ग्रामपंचायतीत फायबर आलं, तरी नेट का जातं? गावाच्या फायबर जाळ्याची रचना समजून घ्या

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरा डबा लावलेला असतो. त्यावर लाल दिवा लुकलुकतोय. बाहेर बाकावर दाखल्यासाठी आलेली माणसं बसलेली आहेत आणि ऑपरेटर सांगतो, "केबल तुटलीय, उद्या या." उद्या आलं तरी तेच उत्तर. पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आलेली असते, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज अडकलेला असतो, शेवटी माणूस पदरचे पैसे घालून तालुक्याला जातो. ग्रामीण भागात हे चित्र कुणाला नवं नाही.

अशा वेळी सगळा दोष जेसीबीवाल्यावर जातो. तो काही अंशी खराही असतो. पण केबल कुठेना कुठे तुटणारच. रस्ते रुंद होणार, पाण्याची पाइपलाइन पडणार, पूर येणार. खरा प्रश्न वेगळा आहे. एका ठिकाणी केबल तुटली की किती गावं बंद पडतात? शहरात रोज खोदकाम चालू असतं, तरी तिथलं नेट आठ-आठ दिवस जात नाही. हा फरक केबलच्या दर्जापेक्षा जाळ्याच्या रचनेचा आहे. ही रचना कशी असते, त्यात कुठे चुकतं आणि गावाने काय विचारायला हवं, याची ही माहिती.

फायबर म्हणजे काय?

ऑप्टिकल फायबर म्हणजे केसाएवढा बारीक काचेचा धागा. त्याचा आतला गाभा फक्त ९ मायक्रॉनचा आणि काचेचं आवरण धरून जाडी १२५ मायक्रॉन. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. गाभ्याची काच आणि आवरणाची काच यांच्या गुणधर्मात थोडा फरक ठेवलेला असतो. त्यामुळे एका टोकाला सोडलेला प्रकाश बाहेर न फुटता आतल्या आत पुढे सरकत जातो. हा प्रकाश सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होतो आणि त्यातूनच आपला व्हिडिओ, फोटो, अर्ज पुढे जातो.

काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश लांब अंतरावर नेता येईल, हे चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं. त्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

काचेतून वीज जात नाही. म्हणून शेजारून हायटेन्शन लाइन गेली तरी फायबरच्या सिग्नलमध्ये खरखर येत नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनला पावसाळ्यात जो त्रास व्हायचा, तो इथे नाही. पण काच ती काचच. जोरात वाकवली, दाबली, ओढली की प्रकाश गळतो किंवा धागा तुटतो.

मोठ्या शहरापासून गावापर्यंत

शेतात ठिबक बसवताना आधी मेन लाइन, मग सबमेन, मग लॅटरल आणि शेवटी ड्रिपर असतो. फायबरचं जाळंही असंच टप्प्याटप्प्याने उतरतं.

पहिला टप्पा देशाच्या मुख्य लाइनचा. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात आणि तिथून मोठ्या शहरांना जोडणाऱ्या जाड लाइन निघतात. दुसरा टप्पा शहराच्या आतल्या किंवा जिल्ह्याच्या जाळ्याचा. तिसरा टप्पा जिल्हा ते तालुका आणि तालुका ते ग्रामपंचायत. चौथा टप्पा ग्रामपंचायतीपासून शाळा, दवाखाना, दुकान आणि घरापर्यंतचा.

मोबाइलचा टॉवरही याच जाळ्यावर अवलंबून असतो. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र गोगलगायीसारखं चालतं, असं होतं ते यामुळेही. काड्या म्हणजे फोन ते टॉवर एवढाच सिग्नल. टॉवरच्या मागे फायबर नसेल, किंवा असलेली लाइन भरली असेल, तर काड्या कितीही असोत, नेट चालत नाही.

भारतनेटची सुरुवात

गावागावात फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेला २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजुरी मिळाली. तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना किमान १०० एमबीपीएसची जोडणी द्यायची, असं उद्दिष्ट होतं. २०१५ मध्ये योजनेला भारतनेट हे नाव मिळालं. पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये संपला, त्यात एक लाखावर ग्रामपंचायती घेतल्या होत्या. दुसऱ्या टप्प्याला जुलै २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारने महाआयटीमार्फत हाती घेतलं, त्यालाच महानेट म्हणतात.

पहिल्या टप्प्यात खर्च वाचावा म्हणून एक मार्ग काढला होता. तालुक्याच्या एक्स्चेंजपासून काही अंतरापर्यंत बीएसएनएलने आधीच पुरलेली केबल वापरायची आणि जिथे ती संपते तिथून ग्रामपंचायतीपर्यंत नवी केबल टाकायची. काम लवकर उरकतं, खोदाई कमी होते. पण त्यामुळे नव्या केबलचं भवितव्य जुन्या केबलला बांधलं गेलं. गावाजवळची केबल धडधाकट असली तरी तालुक्याजवळची जुनी केबल तुटली की नेट बंद.

एकेरी लाइन आणि टेलचं गाव

पहिल्या टप्प्याची रचना मुख्यतः एकेरी होती. तालुक्यातून एक लाइन निघते, वाटेत फाटे फुटतात आणि ती शेवटच्या गावाला जाऊन थांबते. परतीची वाट नाही.

समजा, एका लाइनवर एकामागून एक सहा गावं आहेत. दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या गावामध्ये केबल तुटली. पहिल्या दोन गावांचं नेट चालू राहतं, पुढच्या चार गावांचं जातं. तालुक्याच्या वेशीजवळच तुटली तर सहाही गावं बंद. म्हणजे शेवटच्या गावाचं नेट चालू राहायला मधला एकूण एक मीटर शाबूत असावा लागतो. कालव्याच्या टेलला पाणी का पोचत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

प्रकाशाचा हिशेब

या पद्धतीत वापरलेल्या तंत्राला जीपॉन म्हणतात. तालुक्यात एक यंत्र असतं, त्याचं नाव ओएलटी. त्यातून निघालेला एक धागा वाटेत स्प्लिटरमधून फुटतो आणि एकाचे ८, १६, ३२ फाटे होतात. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक डबा, तो ओएनटी. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो फक्त प्रकाश वाटतो. ठिबकच्या टी जोडासारखंच ते काम. म्हणून हे तंत्र स्वस्त पडतं आणि वाटेत देखभालही कमी लागते.

पण प्रकाश वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. प्रकाशाची ही घट डेसिबल या मापात मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला. नेहमीच्या जीपॉन यंत्रणेत साधारण २८ डेसिबलपर्यंत घट चालते. म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सहाशे भागांतला एक भाग शेवटी पोचला तरी डब्याला तो वाचता येतो. त्याच्या खाली गेलं की नेट अडखळतं, नंतर बंद पडतं.

एक हिशेब करून पाहू. तालुक्यापासून गावातलं घर १२ किलोमीटरवर आहे. एका किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल घट धरली तर १२ किलोमीटरला ४.२ होतात. एकाचे ३२ फाटे करणाऱ्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ जातात. वाटेत ८ जॉइंट, प्रत्येकी ०.१ धरून ०.८. दोन्ही टोकांना आणि मध्ये मिळून ४ कनेक्टर, प्रत्येकी अर्धा डेसिबल, म्हणजे २. बेरीज झाली २४. मर्यादा २८ ची, हातात उरले ४.

आता खोदकामात केबल तुटली. दुरुस्तीवाल्याने मध्ये तुकडा टाकून जोडली, म्हणजे दोन नवे जॉइंट आले. स्प्लायसिंग मशिनवर नीट जोडले तर दोन्ही मिळून ०.२ सुद्धा घट होत नाही. पण घाईत, धुळीत, मशिनऐवजी कामचलाऊ पद्धतीने जोडले तर एकेक जॉइंट एक डेसिबल खाऊ शकतो. अशा दोनच दुरुस्त्या झाल्या की शिल्लक ४ डेसिबल संपले. त्यानंतर कुठेही तुटलेलं नसताना नेट येऊन-जाऊन राहतं. "मागच्या वर्षी बरं चालायचं, आता सारखं जातं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हे साठलेले खराब जॉइंट असतात. म्हणून रचना करतानाच ३-४ डेसिबल राखीव ठेवावे लागतात, आणि दुरुस्तीनंतर प्रकाश मोजून त्याची नोंद ठेवावी लागते.

एका धाग्यावर किती घरं?

जीपॉनच्या एका धाग्यावरून खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारा १.२५ जीबीपीएस असतो. २.५ जीबीपीएस म्हणजे २,५०० एमबीपीएस. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण ताकदीने वापर केला तर प्रत्येकाला साधारण ७८ एमबीपीएस मिळतील. ६४ घरं जोडली तर ३९. सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त मिळतो.

पण हा वेग फक्त तालुक्याच्या यंत्रापर्यंतचा झाला. तालुक्यातून पुढे जिल्ह्याला जाणारी लाइन किती मोठी आहे, हे कुणी विचारत नाही. गावात ३२ कनेक्शन, अशी ५० गावं, आणि तालुक्यातून वर जाणारी लाइन एकच जीबीपीएसची असेल तर संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचा वेग पडणारच. विहिरीला पाणी मावेल तेवढंच ठिबकला मिळणार. रचना करताना म्हणून खालून वर हिशेब करतात. घरं किती, त्यांची गर्दीच्या वेळची गरज किती, मग गावाची, मग तालुक्याची.

धागा मात्र पुन्हा टाकावा लागत नाही. भारतनेटमध्ये २४ फायबरची केबल सर्रास वापरली गेली. शिवाय एकाच धाग्यातून वेगवेगळ्या रंगांचा, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडून अनेक वेगळ्या लाइन चालवता येतात. जीपॉनमध्येच खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, दोन्ही एकाच धाग्यात. मोठ्या शहरांत एका धाग्यातून अशा ऐंशी-ऐंशी लाइन नेतात. म्हणून वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा दोन टोकांची यंत्रं बदलावी लागतात, जमीन पुन्हा खोदायची गरज पडत नाही.

रिंग म्हणजे काय?

शहरातलं नेट खोदकामाला पुरून उरतं, कारण तिथलं मुख्य जाळं रिंगमध्ये असतं. एका केंद्रातून लाइन निघते, सगळ्या ठिकाणांना स्पर्श करत जाते आणि दुसऱ्या वाटेने परत केंद्राला येऊन मिळते. एका जागी तुटली तर माहिती उलट बाजूने फिरून पोचते. चांगल्या रिंगमध्ये हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागात होतो. फोनवर बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही. कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकातच मोठ्या संस्थांसाठी आणि शहरांसाठी १०० एमबीपीएसची, एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या दोन रिंगची पद्धत तयार झाली होती.

वरच्या सहा गावांचंच उदाहरण घ्या. गावं पाच-पाच किलोमीटरवर आहेत, म्हणजे शेवटचं गाव लाइनने ३० किलोमीटर लांब. पण त्याच गावातून दुसऱ्या रस्त्याने तालुका १२ किलोमीटरवर असेल, तर तेवढी केबल जास्त टाकून रिंग पूर्ण होते. ३० च्या जागी ४२ किलोमीटर. खर्च वाढला, पण आता कुठेही एक तुटली तरी एकही गाव बंद पडत नाही. मग दुरुस्तीला दोन दिवस लागले तरी कुणाचं काम अडत नाही.

रिंगलाही मर्यादा आहेत. एकाच वेळी दोन ठिकाणी तुटली तर मधली गावं अडकतात. म्हणून एकच भली मोठी रिंग करण्यापेक्षा छोट्या-छोट्या रिंग बऱ्या. आणि तुटल्यावर सगळा भार एकाच बाजूने येतो, तेव्हा प्रत्येक बाजूची लाइन पूर्ण भार पेलणारी हवी.

कागदावरची रिंग, जमिनीवरची रिंग

सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. नकाशावर गोल काढलेला असतो, पण जाणारी आणि येणारी केबल एकाच चरात पुरलेली असते. कधी तर एकाच केबलमधले दोन धागे वापरून रिंग झाली असं दाखवलं जातं. जेसीबीचा दात लागला की दोन्ही एकदम तुटतात. अशी रिंग असली काय, नसली काय, सारखंच.

रिंगच्या दोन बाजू वेगळ्या रस्त्याने जायला हव्यात. नदी असेल तर दोन वेगळ्या पुलांवरून. सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते, पूल पाण्याखाली गेलेले पाहिलेत. दोन्ही केबल एकाच पुलाला बांधल्या असतील तर नेमकं मदतीसाठी संपर्क हवा तेव्हा रिंग तुटते. घाटातही तोच नियम. एकाच घाटरस्त्याच्या डाव्या-उजव्या कडेने टाकलेल्या दोन केबल दरड कोसळली की एकत्रच जातात.

वीज गेली तर?

ही बाजू बऱ्याचदा विसरली जाते. जीपॉनमधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, हे वर आलंच. रिंगमध्ये मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीत एक राउटर असतो आणि माहिती त्याच्यातून पुढे जाते. एका गावाची वीज गेली आणि बॅटरी संपली, तर त्या गावात रिंग तुटल्यासारखंच होतं. त्याच वेळी रिंगवरच्या दुसऱ्या गावातही वीज नसेल, तर मधल्या गावांत वीज असूनही नेट बंद.

म्हणजे एका गावाने बॅटरी सांभाळली नाही तर त्याचा फटका शेजारच्या गावाला बसतो. रिंगमध्ये केबलइतकीच बॅटरी आणि सोलर महत्त्वाचं. ग्रामपंचायतीला कुलूप, मेन स्विच बंद, बॅटरीचं पाणी आटलेलं, पॅनेलवर धूळ, अशाने कोट्यवधींची रिंग बसते.

जमिनीखाली की खांबावर?

जमिनीखालच्या केबलसाठी भारतनेटचा ठरलेला निकष १.६५ मीटर खोलीचा आहे, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास. केबल थेट मातीत पुरत नाहीत, ४० मिलिमीटरच्या प्लास्टिक पाइपमधून नेतात. कडक कातळात एवढं खोल जाता येत नाही, तिथे कमी खोलीवर टाकून लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण देतात. ठरलेल्या खोलीवर पुरलेली केबल नांगरट, शेतातली छोटी पाइपलाइन, गटाराचं खोदकाम यांतून बहुधा वाचते. दीड-दोन फुटांवर वरवर पुरलेली केबल पहिल्याच कामात तुटते. नंतर खोली तपासणं अवघड, म्हणून चर उघडा असताना टेपने मोजणं हाच खरा उपाय.

खांबावरची केबल स्वस्तात आणि लवकर होते, बिघाड डोळ्यांना दिसतो. पण वादळात झाड पडलं, उसाची उंच भरलेली ट्रॉली किंवा कंटेनर गेला की ती ओढली जाते. काळ्या मातीच्या किंवा खडकाळ भागात, जिथे खोदाई परवडत नाही, तिथे रिंगची एक बाजू जमिनीखालून आणि दुसरी खांबावरून, असं केलं तर दोन्ही एकाच कारणाने तुटण्याची शक्यता कमी होते.

तुटलेली जागा कशी सापडते?

त्यासाठी ओटीडीआर नावाचं मशिन असतं. ते फायबरमध्ये प्रकाशाचा छोटा ठोका सोडतं. तुटलेल्या जागेवरून थोडा प्रकाश परत येतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यावरून अंतर काढतात. परत यायला ७० मायक्रोसेकंद लागले तर जाऊन-येऊन १४ किलोमीटर, म्हणजे बिघाड ७ किलोमीटरवर.

मशिन अंतर सांगतं, जागा सांगत नाही. केबल रस्त्याच्या कोणत्या बाजूने गेली, कुठे वळली, चेंबरमध्ये किती मीटरचा लूप ठेवला, याचा नकाशा नसेल तर माणसं दिवसभर रस्ता उकरत बसतात. म्हणून वाटेतले मार्कर दगड आणि नेमका नकाशा हा जाळ्याचाच भाग आहे. मार्कर उपटून बांधाला लावला, तर उद्या आपल्याच गावाचं नेट शोधायला वेळ लागणार.

खोदणाऱ्यांसाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप केंद्राने २२ मार्च २०२३ रोजी सुरू केलं. त्यावर खोदकामाची जागा टाकली की तिथे केबल असलेल्या कंपनीला कळवलं जातं. विनासमन्वय खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटतं आणि ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा आकडा तेव्हा सरकारने दिला होता. गावातलं जलवाहिनीचं, गटाराचं, रस्त्याचं काम काढणाऱ्या ठेकेदाराने हे ॲप वापरलं का, हे ग्रामपंचायतीने कार्यारंभाच्या आधीच विचारायला हवं.

आता काय बदलतंय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. २.६४ लाख ग्रामपंचायतींना रिंग पद्धतीने जोडायचं आणि ग्रामपंचायत नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची, असं त्यात ठरलं आहे. आधी टाकलेलं एकेरी जाळंही रिंगमध्ये बदलायचं आहे. जो ठेकेदार जाळं उभारेल त्यानेच ते १० वर्षं चालवायचं आणि सांभाळायचं. प्रकल्पाची जबाबदारी बीएसएनएलकडे आहे. घरोघरी कनेक्शन देण्याचं काम गावातल्याच तरुणांकडून, भारतनेट उद्यमी म्हणून, करून घेतलं जातं.

थोडक्यात, पहिल्या टप्प्यात जे राहिलं ते दुरुस्त करायची संधी आली आहे. पण रिंग वेगळ्या रस्त्याने जाते की एकाच चरातून, हे ठरतं ते काम चालू असताना. एकदा चर बुजला की पुढची कित्येक वर्षं तेच सोसावं लागतं.

ग्रामसभेत हे विचारा

१. आपलं गाव एकेरी लाइनवर आहे की रिंगवर? रिंगवर असेल तर दोन्ही बाजूंच्या केबल कोणत्या रस्त्याने येतात?
२. दोन्ही केबल एकाच पुलावरून किंवा एकाच चरातून येतात का?
३. केबलची खोली किती? चर उघडा असताना ग्रामपंचायतीतर्फे कुणी मोजली का, फोटो काढला का?
४. केबलच्या मार्गाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे का?
५. डब्याला आणि राउटरला बॅटरी, सोलर आहे का? वीज गेल्यावर किती तास चालतं? चावी कुणाकडे?
६. तक्रार कुठे करायची, तिचा नंबर मिळतो का, मागच्या तक्रारींची नोंद आहे का?
७. दुरुस्तीनंतर प्रकाश मोजला का, आकडा किती आला?
८. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांना जोडणी आहे का, की केबल ग्रामपंचायतीतच थांबली?

दूरसंचाराची केबल नेण्याच्या परवानगीसाठी १ जानेवारी २०२५ पासून नवे मार्गहक्क नियम लागू झाले आहेत. खोदलेला रस्ता पूर्ववत करणं किंवा त्याची भरपाई देणं हे काम करणाऱ्यावर आहे. ग्रामपंचायतीने केबलची वाट अडवू नये, पण रस्ता नीट करून घेतल्याशिवाय सोडूही नये.

डब्यावरचे दिवे काय सांगतात?

घरात किंवा ग्रामपंचायतीत ओएनटी असेल तर तक्रार करण्याआधी दिवे बघा.

पॉवरचा दिवा बंद असेल तर वीज किंवा अडॅप्टर तपासा. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही, म्हणजे केबल तुटली आहे किंवा पिन निघाली आहे. पॉन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर तालुक्याच्या यंत्राशी जोडणी ठीक आहे. तो सारखा लुकलुकत असेल तर प्रकाश कमी पडतोय किंवा नोंदणी झालेली नाही. दोन्ही ठीक असून नेट नसेल तर बिघाड पुढे, तालुक्याच्या वर आहे. तक्रार देताना "नेट नाही" एवढंच न सांगता "एलओएस लाल आहे" असं सांगितलं तर लाइनमन थेट केबल तपासायला येतो, एक फेरी वाचते.

केबलला खिळा ठोकू नका, दारात चेपू देऊ नका, हिसडा देऊन काटकोनात वाकवू नका. वळण किमान तीन सेंटिमीटर त्रिज्येचं ठेवा. पिनेच्या टोकाला बोट लावू नका, बोटाचा डागसुद्धा प्रकाश अडवतो. आणि उघड्या टोकात डोळा लावून कधीच बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

गावात सध्या चर खोदणं चालू असेल तर आजच टेप घेऊन जा, खोली मोजा आणि दुसरी केबल कुठल्या वाटेने येणार ते विचारून घ्या.